डिचोलीला समुद्र मिळाला

डिचोली तालुक्याला समुद्र नाही. एका अंगाला दोडामार्ग, एका अंगाला सत्तरी, पश्चिमेला बार्देस आणि दक्षिणेला मांडवी. चारही बाजूंच्या जागा आधीच गेलेल्या असल्यामुळे समुद्राला आत शिरायला वावच नाही. पाणी म्हणावं तर मयेचा तलाव, खनिजाच्या बार्जी वाहून दमलेली नदी आणि खाणींच्या खड्ड्यांत साचलेला पाऊस. एवढ्यावर डिचोलीकर पिढ्यान्‌पिढ्या सुखात होते. पण अलीकडे त्यांच्या मालाच्या व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती पाहिल्यात का? मातीचं मडकं आहे, मागे समुद्र. मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची बरणी आहे, मागे समुद्र. पितळेची समई तर थेट वाळूत रोवलेली, आणि भर वाऱ्यात तिच्या पाचही ज्योती शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा ताठ.

हा समुद्र एआयने आणला. खर्च शून्य, पर्यावरण दाखला नको, ग्रामसभेत गोंधळ नाही.

यात यंत्राचा तसा दोष नाही. इंटरनेटवरची कोट्यवधी चित्रं पाहून ते शिकतं. गोव्याची म्हणून जी चित्रं तिथे पडली आहेत ती काढली कोणी? सुट्टीवर आलेल्यांनी. बागा, कळंगुट, हणजुण. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात सुक्या मासळीच्या टोपल्यांपुढे उभं राहून सेल्फी काढून जगभर पाठवणारा पर्यटक अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे यंत्राच्या लेखी गोवा म्हणजे वाळू, माड आणि मावळता सूर्य. दिल्लीहून दोन दिवसांसाठी आलेला पाहुणाही परत जाऊन हेच सांगतो. फरक एवढाच, की त्याला आपण आपल्या जाहिराती करायला देत नाही.

२०२५च्या मार्चमध्ये चॅटजीपीटीत चित्रं काढायची नवी सोय आली आणि सगळं जग जपानी कार्टूनपटातल्यासारखं गोंडस दिसू लागलं. मग २६ ऑगस्टला गूगलने ‘नॅनो बनाना’ या टोपणनावाने गाजलेलं आपलं चित्रयंत्र बाजारात आणलं. दुसऱ्या दिवशी, २७ ऑगस्टला, चवथ होती. गूगलने भटजींना विचारूनच तारीख काढलेली असणार, कारण गोव्यात माल विकायचा याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडत नाही. पुढे जो तो दुकानदार चित्रकार झाला. गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाच्या जाहिरातीही त्यातून सुटल्या नाहीत. माटोळीला काय काय लागतं हे इथलं शेंबडं पोरही सांगेल: नारळ, सुपारीचा शिपटा, चिबूड, तोरिंज, कवंडळं, रानातून आणलेल्या नाना वेली. एआयने काढलेल्या माटोळीला स्ट्रॉबेऱ्या लोंबत होत्या आणि मधोमध उलटा अननस, झुंबर म्हणून. खालच्या गणपतीची नजर त्या अननसावरच खिळलेली होती, आणि ती भक्तिभावाची खासच नव्हती.

काजूच्या बाबतीत तर यंत्राने निसर्गाशी उभा दावा मांडला आहे. काजू आपल्याकडे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला त्याला चारशे वर्षं उलटून गेली. गोव्याच्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. इतक्या काळात कोणाही गोंयकाराच्या मनात एका गोष्टीबद्दल शंका नाही: देठाला बोंडू असतो आणि बोंडूच्या बुडाला, उघड्यावर, बी लोंबते. एआयच्या एका पाकिटावर बी वर होती आणि बोंडू खाली. दुसऱ्यावर एकेका बोंडूला तीन-तीन बिया. तिसरं चित्र मात्र खरोखर प्रतिभेचं. त्यात सोललेले, भाजलेले, पांढरेशुभ्र काजूगर थेट फांदीला लगडले होते. नीट पाहिलं तर त्यांना मीठही लावलेलं होतं. हे झाड कुठे मिळत असेल तर पेडणे-डिचोलीतल्या बायका त्याची पूजा करतील. बिया फोडताना टरफलातल्या तेलाने बोटांची जी सालं निघतात, ती तरी वाचतील.

पाकिटावरची अक्षरं हा वेगळा अध्याय. हे यंत्र अक्षर लिहीत नाही, अक्षराचं चित्र काढतं. आता त्याला बरंच जमू लागलं आहे, पण देवनागरीतलं जोडाक्षर दिसलं की अजूनही त्याचा तोल जातो. ‘अस्सल गोमंतकीय’ लिहायला सांगितलं की ‘अससल गोमतंकीय’ येतं, आणि ‘खाजे’मधला एक काना हमखास कुठल्या तरी शेजारच्या अक्षराकडे राहायला जातो. खाज्यांचं चित्र तर पाहायलाच नको. बेसनाच्या कांड्या, वर आलं घातलेल्या गुळाचा पाक, तीळ. गोव्यातली एकही जत्रा त्यांच्याशिवाय पार पडत नाही. यंत्राने पिवळे, लांबट, कुरकुरीत काहीतरी आहे एवढं हेरलं आणि शेजारी वाटीत टोमॅटो सॉस ठेवून दिला.

आमच्या ओळखीच्या एक काकी डिचोली तालुक्यातल्या एका गावात मिस्कूट घालतात. बायकांचा स्वयंसाहाय्य गट आहे, बरण्या आहेत, आणि मार्केटिंग सांभाळायला इंजिनियरिंगला असलेला पुतण्या आहे. त्याने काकींच्या लोणच्याचं चित्र करून आणलं. संगमरवरी ओटा, काचेची टोपणदार बरणी, खिडकीतून येणारी तिरपी उन्हं, बाजूला ऑलिव्हची फांदी आणि बरणीत हापूसच्या केशरी, पिकलेल्या, रसाळ फोडी. काकींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“पुता, हें म्हजें लोणचें न्हय.”

“काकी, हें मार्केटिंग.”

“बरें. मागणी आयली म्हणजे तुजें मार्केटिंगूच धाड.”

मागणी आली. पार्सल ठाण्याला गेलं. चार दिवसांनी तिथल्या बाईंचा निरोप आला: फोटोतला आंबा पिवळा होता, तुम्ही हिरवा पाठवलात, आणि तेल फार आहे. काकींना पहिल्या तक्रारीचा राग आला नाही, हसू आलं. पिकलेल्या आंब्याचं मिस्कूट घालायचं म्हणजे बरणीला चार दिवसांत फेस येणार. दुसऱ्या तक्रारीचा मात्र संताप आला. तेल वर चार बोटं आलं नाही तर लोणचं पावसाळा काढणार कसं? चित्रातल्या बरणीला पावसाळा काढायचा नव्हता. तिला पुढचं स्क्रोल होईपर्यंत टिकायचं होतं.

इथे सगळी गोम आहे. फोटो जितका देखणा, तितकं पार्सल उघडताना तोंड वाकडं. ज्या मालाचा फोटो काढलाच नाही, तो माल घरी पोचणार कुठून?

डिचोलीच्या मडक्याचं उदाहरण घ्या. कुंभाराच्या हातचं मडकं म्हणजे काठाशी अंगठ्याचा हलकासा दाब, पोटावर एका बाजूला भट्टीतल्या जाळाने उमटलेला काळा डाग, रंग विटेचा आणि अंग किंचित खरखरीत. बाजारात जाणती गिऱ्हाईक बाई ते उचलते, बोटाच्या पेराने ठकठक करते आणि कान लावते. आवाज खणखणीत आला तर मडकं पक्कं. बद्द आला तर कुठेतरी बारीक चीर, ठेव खाली. एआयने त्याच मडक्याला तुपाचा हात फिरवल्यासारखी लकाकी दिली, काळा डाग घाण समजून पुसून टाकला आणि अंगठ्याची खूण हा दोष समजून भरून काढली. मोकळी जागा उरली म्हणून वारली नाचवून टाकले. आता ते मडकं मुरादाबादचं, मेक्सिकोचं की मॉलमधलं, हे सांगायला ब्रह्मदेव यायला हवा. आणि त्या लकाकणाऱ्या मडक्याला ठकठक करायला गेलात तर आवाज येतो तो तुमच्या मोबाइलच्या काचेचा.

जाहिरातीतली बाई हाही एक स्वतंत्र चमत्कार. ‘पारंपरिक गोमंतकीय गृहिणी मसाला वाटताना’ असं सांगितलं की यंत्र जी बाई काढतं तिला कोल्हापूरची नऊवारी, दक्षिणेतले मोगऱ्याचे गजरे आणि राजस्थानची नथ असते. एवढ्या राज्यांचा कारभार अंगावर घेऊन ती रगड्याशी बसते आणि वाटता वाटता हसते. रगड्यावर खोबरं आणि मिरची वाटताना आजवर कोणी हसलेलं आम्ही पाहिलेलं नाही. नाकातोंडातून पाणी येतं, खांदा भरून येतो आणि मध्येच कोणी काही विचारलं तर त्याची खैर नसते. शिवाय तिच्या हाताला मसाल्याचा कणही लागलेला नसतो. मग इतका वेळ ती वाटत काय होती?

पेडणेवाले म्हणतील, आमच्याकडे समुद्र आहे, आमची चित्रं तरी खरी येतात. नाही येत. मोरजी आणि मांद्र्याचा किनारा मागितला की यंत्र बाली बेट देतं. खरं मोरजी इतकं वेगळं आहे की यंत्राला ते सुचणंच शक्य नाही: तिथे हॉटेलांचे फलक रशियन भाषेत आहेत, फलकाखाली म्हैस रवंथ करते आहे आणि दोघांनाही एकमेकांचं नवल वाटत नाही. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ती मिरची हरमल-पेडणे भागातलीच असली पाहिजे. जाहिरातीत मात्र वीतभर लांब, लाल, मेण लावल्यासारखी मिरची झळकते, जी बहुधा थायलंडात तिच्या आईवडिलांबरोबर राहते. मानांकन गावाच्या मातीला आणि फोटो परगावच्या मिरचीला, असा हा संसार.

मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ला सुरू झाला आणि पेडण्यातल्या प्रत्येक रिकाम्या खोलीचं ‘होमस्टे’ झालं. तिथेही हा कलाकार पोचला. अंगणातल्या विहिरीचा त्याने तरणतलाव केला, आणि फणसाखालच्या बाजेला पांढरे पडदे लावून ती ‘कबाना’ म्हणून खपवली. पाहुणे आले, विहीर पाहिली, रहाटही पाहिला. पोहण्याऐवजी दोन बादल्या ओढून अंघोळ केली, आणि गावाकडच्या अनुभवाला पूर्ण गुण देऊन गेले. पण सगळेच पाहुणे इतके समजूतदार नसतात.

आता, एआय येण्याआधी आपण सगळे हरिश्चंद्र होतो असं कोणी म्हणत असेल तर त्याने घर विकण्याच्या जुन्या जाहिराती काढून पाहाव्यात. ‘समुद्र पाच मिनिटांवर’ ही पाच मिनिटं हेलिकॉप्टरची असत. अमेरिकेत कॅम्पबेल नावाच्या बड्या सूप कंपनीने १९६०च्या दशकात सूपाच्या वाडग्यात तळाला काचेच्या गोट्या टाकून फोटो काढले होते, भाज्या वर तरंगाव्यात म्हणून. तिथल्या सरकारी आयोगाने ते पकडलं आणि कंपनीची छीथू झाली. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओत मागे रंगवलेला ताजमहाल असे. पुढे काष्ट्यातले आजोबा आणि शेजारी रडवेलं नातवंड. आजोबा आग्र्याला गेले होते असं मात्र कोणी मानत नसे. तो पडदा आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक होतं, काढणाऱ्याला ठाऊक होतं आणि आजोबांना तर होतंच.

आणि डिचोलीला तर खोट्याचा अनुभव भारी मोठा आहे. यंत्र चित्रं काढायला शिकण्याच्या कितीतरी आधी एका अनामिक माणसाने डिचोलीला अख्खं युद्ध मिळवून दिलं होतं. जुलै २००७मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ नावाचा लेख आला. १६४०-४१ साली पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेलं युद्ध, त्याची कारणं, मोहिमा, तह, तळटीपा. जवळजवळ साडेचार हजार शब्द. सप्टेंबरमध्ये त्याला ‘उत्तम लेख’ असा दर्जाही मिळाला. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते आणि मराठा साम्राज्य नावाची गोष्ट अजून व्हायची होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. डिचोलीत कोणी विचारलं असतं तर कोणाही मास्तरांनी सांगितलं असतं. पण विचारायला डिचोलीपर्यंत यावं लागतं. पाच वर्षं ते युद्ध चालू राहिलं, आणि डिसेंबर २०१२मध्ये एका चौकस संपादकाने तळटीपांतली पुस्तकं शोधायला घेतली तेव्हा ती अस्तित्वातच नाहीत असं निघालं. लेख उडवला गेला. जीवितहानी शून्य.

त्या लेखाची आणि काकींच्या बरणीची जात एकच. दोन्ही दिसायला इतकी नेटकी, की तपासावंसं वाटत नाही. मात्र युद्ध खोटं निघालं तर कोणी पैसे परत मागत नाही. लोणच्याचे मागतात.

आणि कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पुतण्याने हे वाचून दाखवलं तेव्हा काकींनी हातातली बरणी हळूच खाली ठेवली. शिवाय फेब्रुवारी २०२६पासून केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान नियमांत समाजमाध्यमांवरच्या कृत्रिम चित्रांवर तसं स्पष्ट लिहिण्याची सक्ती आली आहे. नुसता उजेड वाढवणं, रंग सुधारणं अशा साध्या हातसफाईला सूट आहे. सरकार आणि काकी यांचं एखाद्या विषयावर एकमत होण्याचे प्रसंग थोडे, पण हा त्यांतला एक.

काकींची बाजूही ऐकायला हवी. फोटोग्राफर म्हापशाहून येणार, पांढऱ्या छत्र्या आणि दिवे घेऊन, अर्धा दिवस. त्याची बिदागी द्यायला किती बरण्या विकाव्या लागतील याचा हिशेब गटातल्या सगळ्या बायकांना तोंडपाठ आहे. जून ते सप्टेंबर आमच्या स्वयंपाकघरांत उजेड म्हणावा तर तो विजेच्या बिलातच. मोठ्या कंपन्या फोटोवर पाण्यासारखा पैसा ओततात, आणि त्यांच्या रांगेत या बायकांनी काय काळोखातला तिरका फोटो घेऊन उभं राहायचं? हातात फुकट यंत्र आलं तर ते वापरणं हा व्यवहार आहे, पाप नाही.

म्हणून पुतण्याने आता मधला मार्ग काढला आहे आणि तो सरकारी योजनेपेक्षा सोपा आहे. सकाळच्या उन्हात बरणी तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवायची. मागे धुतलेला पंचा धरायचा. धरणाऱ्याने खोकायचं नाही. फोटो मोबाइलवर काढायचा. मग यंत्राला सांगायचं: मागचा पंचा काढ, उजेड सारखा कर, बरणीला हात लावू नकोस. लावतंच ते, म्हणून मूळ फोटो शेजारी ठेवून ताडून पाहायचं. विशेषतः लेबल. खाद्यपरवान्याचा १४ आकडी क्रमांक हे यंत्र नुसती नक्षी समजतं आणि त्यात आपल्या मनाचे दोन-तीन आकडे घालून देतं. लोणचं तुमचं आणि परवाना कोणा परक्याचा, असं व्हायला वेळ लागत नाही.

मागे काय हवं ते येऊ द्या. पण बरणी, मडकं आणि मिरची तीच असू द्या, जी तुम्ही खोक्यात घालून पाठवणार आहात. मडक्यावरचा काळा डाग राहू द्या आणि खाली एक ओळ लिहा, की हा भट्टीचा डाग आहे, दुसऱ्या कुठल्या मडक्यावर असाच मिळणार नाही. तो डाग मुरादाबादच्या कोणालाही नक्कल करून विकता येत नाही, आणि अजून तरी यंत्राला तो रंगवण्यासारखा वाटलेला नाही.

आणि ठाण्या-पुण्याच्या गिऱ्हाईक मंडळींना एक विनंती. चित्र फारच सुंदर असेल तर थेट फोन करा आणि साधा फोटो मागवा. आलेला फोटो अंधुक, तिरका आणि कोपऱ्यात कोणाचं तरी बोट आलेलं असेल, तर माल खरा आहे असं बेलाशक समजा आणि पैसे पाठवून द्या. काकी उधारी ठेवत नाहीत.